घरातील समुद्र आणि त्याचा उतरलेला सामू

समुद्राचे पाणी खारट असते हे लहान मुलांसही ठाऊक असते. परंतु ते किंचित अल्कधर्मीही असते, ही गोष्ट चव घेऊन कळत नाही. मीठ जिभेला तत्काळ जाणवते. अल्कता जाणवते ती त्या पाण्यात जन्म काढणाऱ्या जिवांना. शिंपले, समुद्री गोगलगायी, प्रवाळ, दगडावर गुलाबी पुटासारखे पसरणारे चुनखडी शेवाळ हे सर्व जीव आपली घरे पाण्यात विरघळलेल्या चुन्यातून बांधतात, आणि पाण्याची अल्कधर्मी वृत्ती थोडी जरी उणावली तरी या बांधकामात खोळंबा होऊ लागतो. अफाट समुद्रावर असा बदल घडण्यास दशके लागतात. काचेच्या पेटीत भरलेल्या साठ लिटर समुद्रात तो एका रात्रीत घडतो.

अशी एक पेटी मला येलहंक्यास पाहावयास मिळाली. येलहंका हे बंगळूरच्या उत्तरेचे जुने गाव. बंगळूर वसविणाऱ्या केंपेगौडांचे घराणे येथलेच. शहाजीराजांकडे १६३८ नंतर बंगळूरची जहागीर आली तेव्हापासून मराठी माणसाला हा मुलूख परका राहिलेला नाही. माझे थोरले मावसभाऊ, ज्यांना आम्ही सर्व अण्णा म्हणतो, ते नोकरीच्या निमित्ताने येथे आले आणि येथेच राहिले. त्यांचे बालपण मालवणला गेले. येलहंक्यापासून पूर्वेचा आणि पश्चिमेचा, दोन्ही समुद्र सरळ रेषेत सुमारे तीनशे किलोमीटर दूर. तेव्हा अण्णांनी समुद्रच घरी आणला. शाळेच्या सहलीत पाहिलेले मुंबईचे, १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय त्यांच्या मनात तेव्हापासून घर करून होते. घरची पेटी अर्थात फार लहान होती. तिच्यात शुद्ध केलेल्या पाण्यात विकतचे सागरी मीठ मिसळून केलेला समुद्र, सच्छिद्र कोरडे दगड, दोन विदूषक मासे, एक कोळंबी, पाच गोगलगायी आणि मऊ प्रवाळांचे दोन गुच्छ होते.

मऊ प्रवाळ असे मुद्दाम म्हटले आहे. खडक घडविणारे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे यांचा समावेश २००१ साली आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला. वाघाला जे संरक्षण आहे तेच त्यांना आहे. आपल्या किनाऱ्यावरून असा प्रवाळ किंवा त्याचा तुकडा उचलून आणणे हा गुन्हा होय. ज्यांना घरी समुद्र मांडावयाचा असेल त्यांनी ही गोष्ट मीठ विकत घेण्यापूर्वी समजून घ्यावी.

तर या पेटीचा सामू उतरू लागला.

सामू म्हणजे काय

रसायनशास्त्रात ज्याला पी.एच्. म्हणतात त्यास मराठीत सामू हा शब्द आहे. तो प्रथम रुळला शेतीच्या लेखनात. मातीचा सामू तपासून घ्यावा असे शेतकऱ्यास सांगितले जाते ते यामुळेच. कोणी आम्ल-विम्ल निर्देशांक असेही लिहितात. मला स्वतःला सामू हाच शब्द बरा वाटतो. तो दोन अक्षरांचा आहे, आणि शेतकऱ्याच्या तोंडी बसलेला शब्द प्रयोगशाळेत वापरण्यात कमीपणा नाही.

ही मोजणी कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील सोरेन्सन या शास्त्रज्ञाने १९०९ साली सुचविली. ती प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याने चालविलेली होती, आणि सोरेन्सन यांना विकरांच्या कार्यावर आम्लतेचा काय परिणाम होतो हे मोजावयाचे होते. पाण्यातील हायड्रोजन आयनांचे प्रमाण इतके सूक्ष्म असते की ते लिहिताना दशांश चिन्हानंतर शून्यांची रांग लागते. त्यांनी ती रांग मोडून नुसता घातांक घेतला. सात हा उदासीन बिंदू. त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. समुद्राच्या पृष्ठभागावरील पाण्याचा सामू साधारण ८.१ असतो.

या मापात एक फसवी गोष्ट आहे. फूटपट्टीवरील एक इंच जितका, तितकाच दुसरा इंच असतो. सामूच्या पट्टीवर मात्र एक अंक उतरला म्हणजे हायड्रोजन आयन दसपट झाले. तीन दशांश उतरला म्हणजे दुप्पट. एक दशांश उतरला म्हणजे सव्वापट. अण्णांची पेटी सकाळी ७.७ दाखवीत होती. ८.१ आणि ७.७ यांतील अंतर कानाला क्षुल्लक वाटते, पण तेवढ्यात आयनांचे प्रमाण अडीचपट होते.

हे मोजावे कसे, हाही प्रश्नच आहे. हळदीचा कागद आपल्याकडे घरोघरी करता येतो. हळदीचा रंग साधारण ७.४ ते ८.६ या टप्प्यात पिवळ्याचा तांबूस होतो, म्हणजे नेमका आपल्या उपयोगाचा टप्पा. परंतु दशांशाचा भेद त्या रंगात डोळ्यांस ओळखू येत नाही. काचेची अग्रकांडी असलेला मापक घ्यावा, आणि महिन्यातून एकदा तरी तो सात व दहा सामूच्या प्रमाणित द्रावणांत बुडवून पडताळून पाहावा. अण्णांचा मापक पहिल्या पडताळणीत दोन दशांशांनी खोटा निघाला होता. कित्येक पेट्यांचा आजार हा पेटीचा नसून मापकाचा असतो.

सोड्याचे तीन आठवडे

सामू उतरलेला पाहून अण्णांनी जे केले ते बहुतेकजण करतात. त्यांनी पाण्यात खाण्याचा सोडा घातला. सोडा अल्कधर्मी आहे, तेव्हा सामू चढेल, हा तर्क वरवर निर्दोष आहे. घातल्यावर सामू चढला तर नाहीच, उलट किंचित उतरला. म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी आणखी घातला. तीन आठवड्यांनी पाण्याचा पंप गरगर आवाज करून थांबला. उघडून पाहिला तेव्हा आत पांढऱ्या खडूचा थर बसलेला होता. पाचांपैकी दोन गोगलगायी मेल्या होत्या आणि मऊ प्रवाळांनी आपले हात मिटून घेतले होते. मी पोचलो तो नेमका या सुमारास. अण्णा म्हणाले, “तू शास्त्राची पुस्तके मराठीत आणतोस ना? मग हे कोडे उलगडून दे.” मी भाषेचा विद्यार्थी, पण ज्या वाक्यांचे भाषांतर केले त्यांचा अर्थ तरी आपल्याला कळला आहे की नाही, हे पाहण्याची ती संधी होती.

घोटाळा असा की सामू आणि अल्कता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अल्कता म्हणजे आम्ल पचविण्याची पाण्याची ऐपत. ती मुख्यतः पाण्यातील बायकार्बोनेट व कार्बोनेट या क्षारांमुळे येते. सामू ही त्या घडीची अवस्था. ऐपत असलेल्या माणसाच्याही खिशात एखाद्या दिवशी पैसे नसतात, तसे भरपूर अल्कता असलेल्या पाण्याचाही सामू उतरलेला असू शकतो. शौकीन लोक अल्कता जर्मन अंशांत मोजतात. समुद्रात ती सुमारे साडेसहा अंश असते, आणि पेटीत सात ते अकरा अंश ठेवण्याचा प्रघात आहे. अण्णांच्या पेटीत ती प्रारंभी आठ होती, म्हणजे काहीही उणे नव्हते. साठ लिटर पाण्यात पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, सोडा घातला की अल्कता २.८ अंशांनी वाढते. असे करीत ती चौदावर गेली होती. तेवढे कार्बोनेट पाण्यात मावेना, आणि ते कॅल्शियमला धरून जेथे ऊब व घर्षण असते अशा जागी, म्हणजे पंपात, खडू होऊन बसू लागले.

धुण्याचा सोडा घातला असता तर सामू चढला असता, कारण धुण्याचा सोडा हा कार्बोनेट आहे. खाण्याच्या सोड्यात अर्धे आम्ल आधीच जिरलेले असते, म्हणून तो घालताच सामू क्षणभर खाली येतो. पण अल्कता आधीच पुरेशी असताना यांपैकी कोणताही सोडा हे या दुखण्यावरचे औषध नव्हते.

पाण्यातला श्वास

मग दुखणे कोठे होते? शाळेत प्रत्येकाने केलेला एक प्रयोग येथे आठवावा. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली की निवळी दुधाळ होते. आपल्या उच्छ्वासातील कार्बन डायॉक्साइड चुन्याशी संयोग पावतो आणि खडूचे कण तयार होतात. बहुतेक शाळांत प्रयोग येथेच थांबतो. परंतु तसेच फुंकत राहिले तर दूध हळूहळू नाहीसे होऊन पाणी पुन्हा निवळते, कारण जास्तीच्या कार्बन डायॉक्साइडमुळे खडूचे विद्राव्य बायकार्बोनेट बनते. या दुसऱ्या अर्ध्या प्रयोगात समुद्रातील प्रवाळांची सारी चिंता सामावलेली आहे. कार्बन डायॉक्साइड वायू पाण्यात विरघळून कार्बोनिक आम्ल बनते. ते आम्ल कार्बोनेट खाऊन टाकते. आणि प्रवाळाला सांगाडा बांधण्यासाठी लागते ते नेमके कार्बोनेट.

पाण्यातील कार्बन डायॉक्साइड दुप्पट झाला, आणि अल्कता तीच राहिली, तर सामू जवळजवळ तीन दशांशांनी उतरतो. म्हणून सामू उतरलेला दिसला की पहिला प्रश्न हा विचारावा, की एवढा कार्बन डायॉक्साइड आला कोठून? मासे श्वसन करतात, जिवाणू उरलेले अन्न कुजवितात. शेवाळ आणि प्रवाळांच्या अंगात राहणारी सूक्ष्म वनस्पती दिवसा तो शोषतात, रात्री मात्र तीही सोडतात. त्यामुळे सामू पहाटे सर्वांत कमी आणि दिवे मालवण्यापूर्वी सर्वांत जास्त असतो. गंमत अशी की प्रवाळ आणि गोगलगायी स्वतःचे कवच बांधताना बायकार्बोनेट मोडून थोडा कार्बन डायॉक्साइड मोकळा करतात, म्हणजे घर बांधणाराच आपल्या पाण्याचा सामू उतरवितो.

परंतु एवढ्याने ७.७ चा उलगडा होईना. पेटीत जीव फार थोडे होते.

धागा सापडला तो अण्णांच्या नववीत शिकणाऱ्या कन्येच्या वहीत. ती रोज सकाळी व रात्री सामू टिपून ठेवीत असे. एका सकाळी तिने ७.५ लिहिले होते, आणि शेजारी बारीक अक्षरात ‘काल सत्यनारायण’. आदल्या संध्याकाळी दिवाणखान्यात पंचवीस-तीस माणसे, समया, उदबत्त्या आणि आत गॅसवर चढलेली प्रसादाची कढई. डास येतात म्हणून खिडक्या सातपासूनच लावलेल्या. मुलीला कारण ठाऊक नव्हते, पण दोन घटना एकाच दिवसाच्या आहेत एवढे तिने नोंदवून ठेवले होते.

यावर एक साधी परीक्षा आहे, आणि ती कोणालाही करता येईल. आधी सोडा बंद केला. पाणी थोडे थोडे बदलून अल्कता दहाच्या आसपास आणली. नंतर एका पहाटे पेटीतील पाण्याचे दोन पेले भरले. एकात हवेचा लहान पंप लावून तो तासभर त्याच दिवाणखान्यात ठेवला. दुसरा तसाच पंप लावून गच्चीवर नेला. पेटीतील सामू ७.७ होता. दिवाणखान्यातील पेल्याचा तासाभराने ७.९ झाला. गच्चीवरच्या पेल्याचा ८.३ झाला. एका कणाचेही औषध न घालता, नुसत्या मोकळ्या हवेने पाणी समुद्राच्या पातळीला आले, किंबहुना थोडे वरच गेले.

म्हणजे पेटीत जीवांनी केलेला कार्बन डायॉक्साइड थोडा होता, पण मोठा वाटा खोलीच्या हवेचा होता. मोकळ्या हवेत हा वायू आज दशलक्ष भागांत ४२० भागांहून थोडा अधिक असतो. आपल्या उच्छ्वासात तो सुमारे चार टक्के, म्हणजे दशलक्षात चाळीस हजार भाग असतो. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस तासाला सुमारे पंधरा लिटर कार्बन डायॉक्साइड सोडतो. चार मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद व तीन मीटर उंच अशा पूर्ण बंद खोलीत एका माणसामुळे हे प्रमाण दर तासाला साडेतीनशे भागांनी वाढेल. दारे-खिडक्यांच्या फटींतून हवा थोडी बदलते, म्हणून प्रत्यक्षात इतके होत नाही. पण रात्रभर दोन-तीन माणसे निजलेल्या बंद खोलीत हजार भागांची मर्यादा सहज ओलांडली जाते. माणसाला त्याने जडत्व आणि थोडी डोकेदुखी येते, व सकाळी खिडकी उघडली की ती जाते. माशाच्या पेटीला खिडकी नसते.

अण्णांची एक शंका येथेच निकालात काढली पाहिजे. येलहंका समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून उंच आहे. या उंचीनेच समुद्राचे पाणी बिघडत असावे असा त्यांचा समज होता. खरे पाहता उलट आहे. या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे नव्वद टक्के भरतो. त्यामुळे हवेतील कार्बन डायॉक्साइडचा पाण्यावरील दाबही एक दशांश कमी, आणि सामू सुमारे चार शतांशांनी अधिक असावयास हवा. प्राणवायूही तितकाच कमी विरघळतो, म्हणून वीज जाऊन पंप बंद पडला की येथील माशांना मुंबईच्या माशांपेक्षा थोडे आधी धाप लागेल. सामूच्या बाबतीत मात्र बंगळूरकराला उंचीची तक्रार करता येणार नाही.

काचेखालचे वाळवंट

बंद घरातील समुद्राचा हाच अनुभव एकदा फार मोठ्या प्रमाणावर आला होता. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटात बायोस्फिअर-२ नावाची एक काचेची प्रचंड इमारत उभारली गेली. तिच्यात वर्षावन, गवताळ रान, शेत आणि प्रवाळांसह एक लहान समुद्र होता. २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ माणसे आत गेली व दारे बंद झाली. ती दोन वर्षांनी बाहेर आली. शेतासाठी घातलेल्या सुपीक मातीतील जिवाणू अपेक्षेहून फार जोमाने श्वसन करू लागले. प्राणवायू २१ टक्क्यांवरून साडेचौदा टक्क्यांच्या आसपास उतरला, आणि १९९३ च्या जानेवारीत तो बाहेरून सोडावा लागला. कार्बन डायॉक्साइड हिवाळ्यात दशलक्षात चार हजार भागांच्याही वर गेला. तेथील समुद्राचा सामू त्याबरोबर खाली ओढला जाऊ लागला, आणि तो सावरण्यासाठी रहिवाशांना पाण्यात सोड्याचे क्षार घालावे लागले. तेथे खिडकी उघडण्याची सोय नव्हती, एवढाच अण्णांच्या आणि त्यांच्या परिस्थितीतील भेद.

या प्रकरणातील एक गोष्ट मला विशेष वाटते. जितका प्राणवायू गेला तितका कार्बन डायॉक्साइड हवेत वाढलेला दिसेना. तो गेला कोठे याचा शोध शास्त्रज्ञांनी लावला तेव्हा चोर सापडला तो इमारतीच्या भिंतींत. काँक्रीटमधील चुन्याने तो शोषून घेतला होता, आणि काँक्रीटच्या पृष्ठभागात चुनखडी तयार झाली होती. शाळेच्या टेबलावरील चुन्याच्या निवळीने जे केले तेच येथे भिंतींनी केले.

पुढे त्याच काचेखालच्या समुद्रात शास्त्रज्ञ लँग्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुद्दाम पाण्याचे रसायन पालटून प्रवाळांची वाढ मोजली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षानुसार पाण्यातील कार्बोनेट जसे घटते तशी प्रवाळांची चुना रचण्याची गतीही घटते. हे काम आज मोलाचे ठरले आहे, कारण उघड्या समुद्राचीही खोली होऊ लागली आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत कार्बन डायॉक्साइडचे दशलक्षात २८० भाग होते, आणि समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू सुमारे ८.२ होता. तो आता ८.१ वर आला आहे. एक दशांश म्हणजे सव्वापट, हे वर आलेच आहे. विजयदुर्गापासून पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांचे नाव धारण करणारा अँग्रिया बँक हा बुडीत उंचवटा आहे. त्यावर प्रवाळ आहेत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातही आहेत; तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झाले. त्या पाण्यात कोणी पंप लावू शकत नाही.

उपाय

पेटीचे मात्र उपाय आहेत, आणि त्यांतील पहिला फुकटचा आहे. अण्णांनी खिडकीला जाळी बसवून घेतली व रात्री ती वीतभर उघडी ठेवू लागले. डासांचा प्रश्न जाळीने सुटला, थंडीचा पांघरुणाने. तीन दिवसांत पहाटेचा सामू ७.९ झाला.

दुसरा उपाय नळीचा. अशा पेट्यांना बहुधा स्किमर नावाचे उपकरण असते. ते पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे सोडून फेसाबरोबर घाण काढते. हे बुडबुडे खोलीतील हवेचे असतील तर ते पाण्याला खोलीचीच हवा पाजतात. त्याच्या हवेच्या तोंडास लांब नळी जोडून तिचे टोक खिडकीबाहेर काढले की तेच यंत्र बाहेरची हवा घेते. नळी रस्त्याच्या धुराकडे किंवा स्वयंपाकघराच्या धुराड्याशेजारी नसावी, आणि डासनाशकाची फवारणी होत असता ती बंद करावी, हे सांगावयास नकोच. जेथे खिडकी दूर आहे तेथे काहीजण हवेच्या वाटेत सोडा लाइमची डबी ठेवतात. भूल देण्याच्या यंत्रात रुग्णाच्या उच्छ्वासातील कार्बन डायॉक्साइड शोषण्यासाठी वापरतात तोच हा पदार्थ. उपाय चांगला, पण डबी वारंवार भरावी लागते.

तिसरा उपाय शेवाळाचा. पेटीशेजारी एक लहान खण करून त्यात हिरवे तंतुमय शेवाळ ठेवावे आणि त्यावरील दिवा रात्री लावावा. मुख्य पेटी रात्री कार्बन डायॉक्साइड सोडते तेव्हा हे शेवाळ तो शोषते, आणि पहाटेची उतरण सौम्य होते.

चौथा उपाय चुन्याच्या निवळीचा. तो जुना व परिणामकारक असून धोक्याचाही आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहिले पाहिजे. जर्मन मत्स्यपालक पीटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात तो लोकप्रिय केला. कोकणात शिंपले भाजून चुना करण्याची रीत होती. तेव्हा समुद्रातून निघालेला चुना पुन्हा समुद्राला देणे यात आपल्याला नवल वाटू नये. शुद्ध विरलेला चुना लिटरभर शुद्ध पाण्यात सुमारे दीड ग्रॅमच विरघळतो. साका खाली बसू द्यावा आणि वरची नितळ निवळी घ्यावी. भांडे झाकलेले असावे, नाही तर हवेतील कार्बन डायॉक्साइडने वर खडूची साय धरते व निवळीचा कस जातो. ही निवळी पाण्यातील कार्बन डायॉक्साइड पकडून त्याचे बायकार्बोनेट करते, शिवाय कवच बांधणाऱ्यांना कॅल्शियम पुरविते. बाष्पीभवनाने जेवढे पाणी उडते तेवढ्याच्या जागी ती थेंब थेंब सोडतात.

थेंब थेंब या शब्दांवर जोर आहे. निवळीचा सामू बारांहून अधिक असतो. अण्णांच्या पेटीतून दिवसाला अर्धा लिटर पाणी उडे. तेवढी निवळी एकदम ओतली तर साठ लिटर पाण्याचा सामू जवळजवळ अर्ध्या अंकाने उसळी घेईल, आणि जेथे धार पडेल तेथे पांढरा ढग उठेल. सामू हळू उतरल्याने जे मासे तग धरून राहतात ते या उसळीने मरतात. दिवसभराच्या अर्ध्या लिटर निवळीने अल्कताही जवळजवळ एक अंश वाढते. दगडी प्रवाळांनी भरलेली पेटी ती खर्च करील, पण दोन गुच्छ आणि तीन गोगलगायी ती खर्च करू शकत नाहीत, आणि सोड्याचीच कथा पुन्हा सुरू होईल. म्हणून अण्णांच्या पेटीला निवळी द्यावयाचीच असती तर आठवड्यातून एक-दोन वेळा, रात्री, आणि अल्कता मोजूनच. पानाला लावावयाचा किंवा रंगाऱ्याचा चुना वापरू नये. त्यात काय मिसळले आहे ते आपल्याला ठाऊक नसते. कोरडी पूड डोळ्यांत गेली तर डोळा जाऊ शकतो. शाळेत हा प्रयोग करताना डोळ्यांवर चष्मा व हातांत मोजे असावेत, आणि निवळी शिक्षकांनीच करावी.

आणखी एक गोष्ट. सामू ७.८ आणि ८.४ यांच्या दरम्यान, रोज त्याच वेळी त्याच अंकाजवळ असेल, मासे खात असतील, गुलाबी शेवाळ दगडावर पसरत असेल, तर काहीही न करणे हाच उपाय होय. ८.२ हा अंक पुस्तकात छापलेला असतो म्हणून त्याच्या मागे लागून पेटी रोज ढवळणाऱ्यांपेक्षा आळशी माणसाचे मासे अधिक जगतात, हे मी दोन्ही प्रकारच्या घरांत पाहिले आहे.

अण्णांनी निवळी वापरली नाही. खिडकी आणि नळी एवढ्यावरच पहाटेचा सामू ८.० व रात्रीचा ८.२ वर स्थिरावला. प्रवाळांचे हात बारा दिवसांनी उघडले. उरलेल्या तीन गोगलगायींपैकी एकीच्या शंखाच्या कडेला, जेथे पूर्वी खडबडीत पांढरे खड्डे पडले होते त्यापुढे, गुळगुळीत नवीन पट्टी दिसू लागली होती. मुलगी ती फूटपट्टीने मोजून वहीत लिहीत होती: दीड मिलिमीटर. पुढचा सत्यनारायण श्रावणात होता. त्या दिवशी पाहुणे बसण्यापूर्वी गच्चीचे दार उघडे ठेवावयाचे, अशी सूचना तिने त्याच पानावर आईसाठी लिहून ठेवली होती.